चमचाभर साखर आणि बशीभर पोहे

सकाळी उठल्यावर, चहाचा पहिला घोट घेण्याआधी, निरोगी माणसाच्या अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती असते? रक्त साधारण पाच लिटर आणि दर डेसिलिटरला ९० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज. हिशेब केला तर उत्तर येतं जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. एकटा मेंदूच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज जाळतो, म्हणजे ताशी पाच ग्रॅम. नवी साखर आलीच नसती, तर तासाभरात त्याने अख्खं रक्त रिकामं केलं असतं.

तसं होत नाही, कारण यकृत रात्रभर कामावर असतं. त्याच्याजवळ ग्लायकोजेनच्या रूपात शंभरेक ग्रॅम साखर साठवलेली असते. त्यातून ते मोजूनमापून रक्तात साखर सोडत राहतं आणि कमी पडेल असं वाटलं तर नवी तयारही करतं. आपण गाढ झोपेत असताना, कुणीही न सांगता, ती चमचाभर पातळी रात्रभर राखली जाते.

आता याच हिशेबाने मधुमेहाकडे पाहू. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त असल्याचं तपासणीत पुन्हा दिसलं, की मधुमेहाचं निदान होतं. १२६ म्हणजे सगळ्या रक्तात मिळून सव्वासहा ग्रॅम. निरोगी माणूस आणि मधुमेही यांच्यामध्ये पाव चमचा साखरेचं अंतर आहे! हे पहिल्यांदा कागदावर मांडून पाहिलं तेव्हापासून नाश्त्याच्या बशीकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. कारण त्या चमचाभर साखरेत दिवसाची पहिली मोठी भर पडते ती याच बशीतून.

पोहे गिरणीतच शिजलेले असतात

एका माणसाच्या कांदेपोह्यांना साठ-सत्तर ग्रॅम कोरडे पोहे लागतात. त्यात पिष्टमय पदार्थ साधारण ५० ग्रॅम, आणि ते पचून शेवटी ग्लुकोजच होणार. म्हणजे रक्तात जेवढी साखर फिरते आहे तिच्या दहापट साखर एका बशीतून येऊ घातलेली असते. सोबतच्या चहात दोन चमचे साखर असेल तर ती वेगळी. तरीही निरोगी माणसाची साखर दहापट होत नाही, फार तर थोडी वर जाऊन दोन तासांत खाली येते. हे काम करतात स्वादुपिंडातल्या बीटा पेशी. इन्सुलिन बनवणाऱ्या या पेशींचं सगळं मिळून वजन भरतं एक-दोन ग्रॅम.

या पेशींवर किती ताण येणार हे बशीत साखर किती यावर ठरतं, आणि ती किती वेगाने येते यावरही. वेगाचं गमक पदार्थाच्या घडणीत असतं. पोहे नुसते भिजवले तरी खाता येतात, भातासारखे शिजवावे लागत नाहीत. असं का? साळ गरम पाण्यात भिजवून, भाजून, मग दाबून चपटी करतात. त्या उष्णतेत आणि ओलाव्यात तांदळातल्या पिष्टाचे घट्ट कण फुगून उकललेले असतात. म्हणजे पोहे गिरणीतच शिजलेले असतात. त्यावर ते पातळ पापुद्र्यासारखे चपटे, त्यामुळे पाचकरसांना चहूबाजूंनी वाट मोकळी. कोरडे पोहे चिमूटभर तोंडात घेऊन मिनिटभर सावकाश चावून पाहा, हळूहळू गोडसर चव येऊ लागते. लाळेतल्या अमायलेजने पिष्ट तोडायला तोंडातच सुरुवात केलेली असते.

साबुदाण्याची गोष्ट याहून पुढची. टॅपिओकाच्या कंदातून जवळजवळ नुसतं पिष्ट काढून त्याचे मणी बनवतात. शंभर ग्रॅम साबुदाण्यात पिष्ट ८५ ग्रॅमच्या वर आणि प्रथिनं नावापुरतीसुद्धा नाहीत. उपासाच्या खिचडीला दाण्याच्या कुटाने थोडा आधार मिळतो एवढंच. मक्याच्या कॉर्नफ्लेक्सचंही तसंच: डब्यावर काहीही छापलेलं असो, त्यांचा ग्लायसेमिक निर्देशांक ८० च्या आसपास असतो. शुद्ध ग्लुकोजला १०० मानून पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो, हे सांगणारा हा आकडा टोरांटो विद्यापीठात डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडला. त्याच विद्यापीठात त्याआधी साठ वर्षं, १९२१ मध्ये, इन्सुलिनचा शोध लागला होता.

चण्याच्या आत काय दडलंय

या निर्देशांकाच्या तक्त्यात हरभऱ्याचा आकडा पाहिला की थबकायला होतं: तिशीच्या आसपास. हरभऱ्यातही पिष्ट भरपूर असतं, आणि आपण तो तासन्‌तास भिजवून कुकरमध्ये चांगला मऊ शिजवतो. तरी त्याची साखर इतकी सावकाश का येते?

एक शिजलेला चणा दोन बोटांत चिरडून पाहा. तो लोण्यासारखा गुळगुळीत होत नाही, बोटांना बारीक रवाळ लागतो. तो प्रत्येक कण म्हणजे शिजूनही न फुटलेली एकेक पेशी. शिजताना पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळतं, म्हणून पेशी सुट्या होतात, पण त्यांच्या भिंती शाबूत राहतात. तोंड लिंपून बंद केलेल्या कणग्याच जणू, ज्यांच्या आत पिष्ट आणि प्रथिनं एकत्र ठासून भरलेली. पाचकरसांना त्या भिंतींतून झिरपत आत शिरावं लागतं. शिवाय कडधान्यांच्या पिष्टात अमायलोजच्या सरळ साखळ्या जास्त असतात, आणि त्या तोडायला वेळ लागतो. मटकी, मूग, वाल, मसूर, चवळी, सगळ्यांची हीच घडण. उसळ म्हणजे सावकाश उलगडणारी साखर.

यातूनच दुसरी गोष्टही कळते: धान्य जितकं बारीक दळाल, तितक्या जास्त भिंती फुटतात. म्हणून ज्वारीची भाकरी उत्तम असली तरी ती पिठाचीच आहे, चार खाल्ल्या तर साखर चढणारच. थालीपिठाची भाजणी जाडसर दळलेली असते आणि तिच्यात हरभरा, उडीद यांसारख्या डाळीही असतात, हे तिचं बळ. डब्यातले जाड ओट्स आणि दोन मिनिटांत होणारे बारीक ओट्स यांच्यातही याच कारणाने फरक पडतो.

आतड्याचा निरोप

शरीराच्या आत डोकावलं की आश्चर्य आणखी वाढतं. १९६४ मध्ये संशोधकांना एक गोष्ट आढळली. ग्लुकोज थेट शिरेतून दिलं तर जितकं इन्सुलिन स्रवतं, त्याच्या कितीतरी जास्त ते ग्लुकोज तोंडावाटे दिल्यावर स्रवतं. म्हणजे रक्तातली साखर पुरेशी वाढण्याआधीच आतडं स्वादुपिंडाला निरोप धाडत असतं. हा निरोप नेणाऱ्या संप्रेरकांपैकी एकाचं नाव आज घरोघरी पोचलं आहे: जीएलपी-१. ते इन्सुलिनला चालना देतं, जठरातून अन्न खाली सरकण्याचा वेग कमी करतं आणि मेंदूला पोट भरल्याची जाणीव देतं. शरीरात बनलेलं जीएलपी-१ दोनेक मिनिटांतच निम्मं होतं. त्याचीच नक्कल करून, ते आठवडाभर टिकेल असं बदलून, सेमाग्लुटाइडसारखी औषधं तयार झाली आहेत.

औषधाइतका जोर बशीत नसतो, पण निरोप तोच असतो. जीएलपी-१ बनवणाऱ्या पेशी लहान आतड्याच्या खालच्या टोकाकडे जास्त असतात. झटपट पचणारं अन्न वरच्या वरच शोषलं जातं. प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि चोथा असलेलं अन्न रेंगाळत त्यांच्यापर्यंत पोचतं. म्हणूनच कशाआधी काय खाल्लं यालाही महत्त्व आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ मध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या ११ जणांना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. एकदा पाव आणि संत्र्याचा रस आधी, कोंबडी आणि भाज्या नंतर, एकदा उलट. भाज्या-कोंबडी आधी खाल्ली त्या दिवशी तासाभरानंतरची साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होती. प्रयोग लहान होता, पण ताटातला एकही पदार्थ न बदलता एवढा फरक पडावा, हे विलक्षणच.

नाश्ता दुपारपर्यंत पोचतो

मला सगळ्यात थक्क करणारा प्रयोग पुन्हा जेन्किन्स यांचाच, १९८२ चा. काही जणांना नाश्त्याला एका दिवशी मसूर दिले आणि दुसऱ्या दिवशी तितकीच कर्बोदकं असलेला गव्हाचा पाव. मसुराने सकाळची साखर कमी चढली, यात नवल नव्हतं. नवल दुपारी दिसलं. दोन्ही दिवशी दुपारचं जेवण अगदी सारखं होतं, तरी मसूर खाल्लेल्या दिवशी त्या जेवणानंतरचीही साखर कमी चढली. मग त्यांनी तोच पाव एकदम न देता चार तासांत तुकड्या-तुकड्याने खायला दिला. परिणाम जवळजवळ मसुरासारखाच! म्हणजे मसुरातली जादू होती ती त्याच्या सावकाश पचण्याची.

हे घडतं कसं? रात्रभर उपाशी असताना स्नायू मुख्यतः चरबीवर काम करतात आणि रक्तात मेदाम्लं फिरत असतात. ती भरपूर असली की स्नायू साखर घ्यायला नाखूष असतात. सकाळी साखर सावकाश येत राहिली तर इन्सुलिनही बेताने, पण बराच वेळ टिकून राहतं; मेदाम्लं खाली येतात आणि दुपारी जेवणाची साखर आली तेव्हा स्नायू तयार असतात. झटपट चढून झटपट उतरणाऱ्या नाश्त्यानंतर मेदाम्लं दुपारपर्यंत पुन्हा वर आलेली असतात. नाश्ता टाळला तर ती खाली येतच नाहीत. इस्राएलमधल्या डॅनिएला जाकुबोविच आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये टाइप २ मधुमेहींवर पाहिलं: ज्या दिवशी नाश्ता चुकवला, त्या दिवशी दुपारच्या आणि रात्रीच्याही जेवणानंतर साखर जास्त चढली. साखर वाढू नये म्हणून सकाळी नुसत्या चहावर राहणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

सकाळची वेळ मधुमेहात मुळातच अवघड असते. पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक चढतं आणि शरीराच्या जागं होण्याच्या तयारीसाठी यकृत जास्त साखर सोडतं. निरोगी माणसात इन्सुलिन त्याला आवर घालतं, मधुमेहात तो आवर अपुरा पडतो. रात्री हलकं जेवूनही सकाळची साखर जास्त का, असं कोड्यात पडणाऱ्यांना बहुतेकदा हेच उत्तर असतं. अशा चढलेल्या पातळीवर नाश्ता येतो, म्हणून अनेक मधुमेहींमध्ये दिवसातली सगळ्यात मोठी उसळी नाश्त्यानंतरच दिसते.

पुण्याने जगाला दाखवलेली गोष्ट

२०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यातले कितीतरी जण दिसायला सडपातळ. याचं कारण शोधण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम जगभर मानलं जातं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. इथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण वजनातली तूट स्नायूंत जास्त होती, चरबीत कमी.

२००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा ज्याला सारखं म्हणतो, ते आत इतकं वेगळं असू शकतं.

याचा नाश्त्याशी थेट संबंध आहे. जेवणानंतरच्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायू कमी म्हणजे साखर ठेवायला जागा कमी. अशा शरीरात ती हळूहळू आली, तरच तिची नीट सोय लागते.

आणि स्नायूंकडे एक वेगळा मार्गही आहे. त्यांच्या पेशींत साखर आत घेणारे ग्लूट-४ नावाचे प्रथिन-वाहक एरवी आत दडून असतात. इन्सुलिन आलं की ते पेशीच्या पृष्ठभागावर येतात. पण स्नायू आकुंचन पावला तरी ते वर येतात, इन्सुलिनची वाट न बघता! इन्सुलिन नीट काम करेनासं झालेल्या शरीरातही हा मार्ग उघडा राहतो. म्हणून खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालण्याला एवढी किंमत. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात २०१६ मध्ये मधुमेहींनी प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालून पाहिलं. दिवसातून कधीही सलग अर्धा तास चालण्यापेक्षा जेवणानंतरची साखर त्याने जास्त आटोक्यात राहिली.

उद्या सकाळी काय करायचं

हे सगळं कळल्यावर आपल्याच स्वयंपाकघराकडे पाहिलं की फार काही नवं आणावं लागत नाही. नागपूरकर तर्री पोहे खातात तेव्हा पोह्यांवर चण्याचा रस्सा पडतो. तर्रीचं तेल बेताचं ठेवून चणे वाढवले तर तोच पदार्थ किती शहाणा होतो! कांदेपोहे आवडत असतील तर पोहे निम्मे करा आणि बशीचा उरलेला भाग मोड आलेल्या मटकीच्या उसळीने भरा. उसळ आधी खा, पोहे नंतर. पोह्यांत मटार, कोबी, मूठभर शेंगदाणे घाला. मिसळ करायची तर मटकी भरपूर, फरसाण चिमूटभर, आणि दोन पावांऐवजी अर्धा.

मुगाचं धिरडं, त्यात किसलेली दुधी किंवा पालक. भाजणीचं एक थालीपीठ आणि वाटीभर दही. एक भाकरी, पिठलं आणि पालेभाजी. अंड्याची भुर्जी आणि एक पोळी. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि पिष्ट जवळजवळ नसतंच. उपमा करायचा तर रवा कमी, भाज्या आणि डाळ जास्त. उपासाला साबुदाण्याऐवजी वरी घेतली तरी तीही पिष्टाचीच आहे, म्हणून ती बेताने घ्या आणि सोबत दाण्याची आमटी नि दही असू द्या. फळ चावून खा, रस काढू नका. चहातली साखर काढून गूळ घातला म्हणून रक्ताला फरक कळत नाही. गूळही मुख्यतः साखरच. आणि चहाबरोबरची खारी, बटर, टोस्ट हा मैद्याचा नाश्ताच आहे, त्याला ‘काही खाल्लं नाही’ म्हणू नये.

एक गोष्ट मनापासून सांगतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाश्त्यातलं पिष्ट एकदम कमी करू नये. औषध तेवढंच आणि साखर कमी आली, तर पातळी ७० च्या खाली घसरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं, आणि तेव्हा उसळ कामाची नाही. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्यायची. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळी-कडधान्यं किती खायची हेही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

आपलं शरीर आपणच मोजून पाहावं

एवढं सगळं खरं असूनही तुमच्या शरीरात नेमकं काय होईल, हे कुठलाही तक्ता पूर्णपणे सांगू शकत नाही. इस्राएलच्या वाइझमान संस्थेत २०१५ मध्ये ८०० जणांची साखर आठवडाभर सतत मोजली, तेव्हा तोच पदार्थ एकाला चढला आणि दुसऱ्याला चढला नाही, असं वारंवार दिसलं. झोप, हालचाल, आतड्यातले जिवाणू, आदल्या रात्रीचं जेवण, सगळ्यांचा त्यात हात असतो.

म्हणून घरात ग्लुकोमीटर असेल तर त्याचा असा उपयोग करा. नाश्त्याआधी एकदा मोजा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी पुन्हा. एक दिवस नेहमीचे पोहे, एक दिवस निम्मे पोहे आणि आधी उसळ, एक दिवस तेच खाऊन दहा मिनिटं चालणं. बहुतेक मधुमेहींसाठी नाश्त्यानंतर १८० च्या आत राहणं हे लक्ष्य सांगितलं जातं; तुमचं लक्ष्य डॉक्टर ठरवतील. आकड्यासमोर काय खाल्लं, किती खाल्लं, झोप कशी झाली, हे दोन शब्दांत लिहून ठेवा.

मग पुढच्या तपासणीला ती वही सोबत न्या. प्रयोगशाळेतला एचबीए१सी तीन महिन्यांची साधारण सरासरी सांगतो. ती सरासरी कोणत्या बशीने वर नेली आणि कोणत्या बशीने खाली आणली, हे फक्त तुमच्या वहीत असेल. औषध वाढवायचं की पोहे कमी करायचे, हे ठरवताना डॉक्टरांना तीच माहिती हवी असते.